खुर्ची घेऊन लातूरला

आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पेन्शनमधला थोडा वाटा ती दर दिवाळीत औसा तालुक्यातल्या, अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेला पाठवते. पावतीबरोबर एक पोस्टकार्ड येतं, त्यावर लेकरांच्या हाताचे रंगीत ठसे. यंदाचं कार्ड आलं तशी ती म्हणाली, "पैसे पाठवायचे आणि ठसे बघायचे, असं किती वर्षं करायचं? जाऊ या एकदा."

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी एक घडीची व्हीलचेअर विकत घेतली. संस्थेच्या मागच्या पत्रात सात वर्षांच्या एका मुलीबद्दल लिहिलं होतं, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही) असलेल्या. खुर्ची तिच्यासाठी. माझ्या मते हा फार विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे कुठेच येणार नाही. तसा शब्द दिलाय. मागे कोणीतरी कौतुकाने लिहिलं, तर पुढचे दोन महिने गाड्या भरून लोक आले. ब्लँकेटं वाटली, फोटो काढले, लेकरांचा दिनक्रम पार विस्कटला.

18 डिसेंबर, गुरुवार

रात्रीच्या गाडीने सकाळी लातूर. फलाटावर आईचे गुडघे धरले होते, म्हणून म्हटलं, बस खुर्चीत, बाहेरपर्यंत ढकलतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट त्यात बॅगा ठेवल्या. बॅगा ऐटीत बसून बाहेर आल्या, आई काठी टेकत मागून.

स्टेशनातून शहरात शिरताना दोन्ही बाजूंना पोरांचे चेहरे. नीटमध्ये अमुक गुण, जेईईत तमुक. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती ऐकून राज्यभरातून मुलं इथे खोल्या घेऊन राहतात. एका चौकात मी मोजायला लागलो आणि चाळिसाव्या फोटोला सोडून दिलं. याच शहराला 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या 'जलदूत' गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. रिक्षावाल्याला त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "औंदा उलटं झालंय. पाण्यानंच मारलं." सप्टेंबरात मांजरा-तेरणेला पूर आले, सोयाबीन पाण्यात सडलं, काठच्या कैक जमिनींवरची माती खरडून गेली. पुढचे तीन दिवस दुसरा विषय काढला तरी बोलणं फिरून तिथेच येत होतं.

बाजारात मात्र झुंबड होती. मेथी, चुका, पातीचा कांदा, वालाच्या शेंगा, गाजरं, बोरं, सगळं ढिगाने. दुसऱ्या दिवशी येळवस. दर्श वेळ अमावास्या, शेतात जाऊन साजरी करायची. लातूर-धाराशिवकडे या सणाला दिवाळीइतकाच, कदाचित काकणभर जास्तच मान. आम्हाला पत्ताच नव्हता. संस्थेत फोन केला तर तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताई हसायला लागल्या. "उद्या कोणी भेटणार नाही हां सर. सगळं लातूर रानात असतंय. आजच या."

संस्थेचं 'मुख्यालय' म्हणजे तीन खोल्या, एक पत्र्याचं शेड आणि अंगणात उभी एक जीप. जीपचं एक दार दोरीने बांधलेलं. शेडमध्ये भिंतीलगत समांतर लोखंडी नळ्या, पोरांनी धरून चालायला. कोपऱ्यात मोठे रबरी चेंडू, गाद्या, आणि पुठ्ठ्याच्या खुर्च्या. पुठ्ठ्याचे थर, जुनी वर्तमानपत्रं आणि खळ एकावर एक चिकटवून वाळवायचं, वर रंग द्यायचा. मला वाटलं शोभेची असेल. ताई म्हणाल्या, "बसा की." मी ब्याऐंशी किलोचा आहे. बसलो. करकरलीसुद्धा नाही.

मग मी माझी खुर्ची उघडली. चकचकीत, प्लास्टिकचं वेष्टन अजून हाताला चिकटत होतं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी काही न बोलता खिशातून टेप काढली आणि बैठक मोजली. सेहेचाळीस सेंटिमीटर.

"सर, तुम्ही दुसऱ्याच्या मापाची चप्पल आणली."

त्या मुलीला यात बसवलं तर दोन्ही बाजूंना मिळून वीतभर जागा राहील. ती एका कुशीला कलंडेल. रोज तसंच बसवलं तर पाठीचा कणा वाकडा होईल, पाय खाली लोंबकळून पावलं ताठरतील. तिला लागते कोपऱ्यासारखी पाठ असलेली खुर्ची, मान सावरणारी, पाय टेकतील इतक्याच उंचीची, पुढे ताटाला फळी. ती इथेच पुठ्ठ्याची किंवा प्लायवूडची बनते आणि दर वर्षाला बदलावी लागते, कारण लेकरू वाढतं. आई माझ्याकडे बघत नव्हती, ही तिची कृपा.

(जाणाऱ्यांसाठी: काहीही घेऊन जाण्याआधी फोन करून विचारा. बिस्किटं, खाऊ, जुने कपडे नकोत. लागतात त्या गोष्टी कंटाळवाण्या असतात: मोठ्या मापाचे डायपर, रेक्झिन, डिझेलचे पैसे. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका. राहायला लातूर शहरच बरं. डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी पडते, स्वेटर हवाच.)

19 डिसेंबर, शुक्रवार: येळवस

सकाळी चहा मिळेना. खरोखर मिळेना. हॉटेलचा आचारी रानात, टपरीवाला रानात, मोठमोठ्या क्लासेसच्या रस्त्यावर कुत्री निवांत पसरलेली. एवढं गजबजलेलं शहर एका सणासाठी असं रिकामं होतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ताईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की त्या मुलीच्या घरच्यांनी आम्हाला शेतात बोलावलंय, जीप येईल. जीप चालवणारे मामा नव्या टोपीत आले. आईने खुर्ची बरोबर घ्यायला लावली. "तिच्यासाठी आणलीय ना? एकदा बघू तरी दे तिला."

गाडीरस्ता संपला तिथून शेत दोन-अडीचशे पावलांवर. मी खुर्ची खाली उतरवली, ढकलली आणि दहाव्या पावलाला पुढची दोन चिमुकली चाकं काळ्या मातीत रुतली. मागे ओढली तर मागचीही बसली. रान अजून ओलं होतं. मुलीचे आजोबा बांधावरून बघत होते. "मालक, हे गाडं डांबरावरचं हाय. इथं बैलच लागतंय." शेवटी मी आणि मामांनी ती उचलून नेली, पालखीसारखी. मुलगी तिच्या आईच्या कडेवर होती आणि हा सगळा सोहळा बघून खदखदून हसत होती. बोलता येत नाही तिला, पण हसते ती पोटातून.

शेताच्या मधोमध कडब्याची खोप. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. यंदा पेरणी उशिरा झाल्यामुळे ज्वारी जेमतेम गुडघ्याला लागत होती. घरातला थोरला हातात आंबिलाचं बोळकं घेऊन पिकावर शिंपडत निघाला आणि मागून सगळी पोरं एका सुरात, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" याचा अर्थ मी चौघांना विचारला. चौघांनी चार अर्थ सांगितले. मुलीची आई तिला कडेवर घेऊन त्याच रांगेत चालली. ज्वारीच्या पात्यांपर्यंत तिचा हात पोचावा म्हणून मध्येच वाकत होती. हात वळलेला, मूठ आवळलेली. पातं लागलं की मूठ सुटायची.

"हाच व्यायाम," ताई म्हणाल्या. त्याही जेवायला आल्या होत्या. "शेडमध्ये मी दहा मिनिटं झटते तेव्हा ती मूठ उघडते."

आता जेवण. भज्जी म्हणजे बाजारात मिळतात ती भजी नव्हेत. ओले दाणे, तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, त्यात पालेभाज्या, चिंच, बेसन, सगळं एका मोठ्या पातेल्यात शिजून एकजीव झालेलं. त्यासोबत बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि रात्रभर मडक्यात आंबवलेलं आंबील. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण. पहिला घोट मला जरा अंगावर आला. तिसऱ्या पेल्याला मी मडक्याजवळ सरकून बसलो. चिंच पानचिंचोलीची, डाळ बोरसुरीची, असं आजी दोनदा सांगून गेल्या. दोन्ही गावं निलंगा तालुक्यातली, आणि दोन्ही जिनसांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आजींना मानांकनाशी देणंघेणं नव्हतं. "आमच्या माहेराकडची हाय" एवढंच.

मुलीला भरवायला तासभर लागला. खीर पातळ करून, मान हाताने सावरून, अर्धा अर्धा चमचा. घाई केली तर ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुलीची आई आणि आजी दोघी तिच्या दोन बाजूंना बसून बोलत होत्या. माझ्या आईने विचारलं, शाळेत नाव घातलंय का? घातलंय. आठवड्यातून दोन दिवस जीप न्यायला येते, तेव्हा जाते. बाकी दिवस?

"बाकी दिवस तिची माय मजुरीला जाते, मी बघते. माझं हाताचं दुखणं वाढलं की मग कोण उचलणार हिला? पंधरा किलो झालीय की."

आईने पुढे काही विचारलं नाही. तिच्या काठीकडे आजींचं लक्ष गेलं आणि मग दोघी बराच वेळ गुडघ्यांबद्दल बोलत राहिल्या.

संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे कडब्याची मशाल, घेऊन पोरं शेताभोवती पळाली. खुर्ची खोपीच्या दाराशी होती. आजोबा दिवसभर तिच्यातच बसले, दूध कोणत्या दिशेने उतू गेलं यावरून पुढच्या पिकाचं भाकीत करत.

(येळवसला जायचं तर आमंत्रण लागतच नाही असं सगळेच म्हणतात आणि ते खरं आहे. मात्र एसटी आणि रिक्षा मिळणं कठीण, दुकानं बंद. गाडीची सोय आधी करा. आंबील बेताने घ्या, दुपारी गाढ झोप लागते.)

20 डिसेंबर, शनिवार: जीपबरोबर

आज फिरती. मी जीपमध्ये मागे, पुठ्ठ्याच्या एका खुर्चीला धरून. पाच गावं करायची होती, चार झाली. एका ठिकाणी पुराने मोरी वाहून गेलेली, वळसा घालायला तास गेला.

पहिलं घर स्नायूंचा आजार असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाचं. घरापुढे योजनेतून बांधलेलं शौचालय, दीड फुटी ओटा, दार आतल्या बाजूला उघडणारं. पोरगा भिंत धरून चालतो, त्याला तो ओटा चढता येत नाही. दोन वर्षं त्याचे वडील त्याला उचलून न्यायचे. चौदा वर्षांच्या मुलाला रोज वडिलांनी उचलून न्यायचं, म्हणून त्याने दिवसा पाणी पिणंच कमी केलं होतं. संस्थेने गावच्याच वेल्डरकडून दोन बाजूंना नळ्या बसवून घेतल्या, मातीचा उतार केला, दार बाहेर उघडणारं केलं, आणि प्लास्टिकच्या साध्या खुर्चीला मध्ये भोक पाडून कमोड बनवला. आता त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला असतो. ताईंनी तो मला मुद्दाम दाखवला.

दुसऱ्या गावात जिल्हा परिषदेची शाळा, तिसरीत एक कर्णबधिर मुलगी. संस्थेच्या फिरत्या शिक्षिकेने वर्गशिक्षकांना एकच विनंती केली होती: फळ्याकडे तोंड करून बोलू नका. ती ओठ वाचते, पाठ वाचू शकत नाही. माझ्या आईने यावर हळूच कबूल केलं, "मी एकतीस वर्षं फळ्याकडे तोंड करून बोलले." सर हुशार होते, त्यांनी आईच्या हातात खडू दिला. आईने अर्धा तास 'हातच्याची वजाबाकी' शिकवली, लिहायचं आणि वळायचं, लिहायचं आणि वळायचं. शेवटी शेवटी दमली, पण बाकावर बसायला तयार नव्हती.

जीपमध्ये प्रमाणपत्रांचा विषय निघाला. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्याने एकवीस केले. स्वमग्नता, स्नायूंचे आजार, थॅलेसेमिया असं बरंच त्यात आलं. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असल्याशिवाय मात्र बहुतेक योजनांचं दार उघडत नाही. एसटीत 75 टक्के सवलत आहे, तीही दाखल्यावरच. दाखल्यासाठी लेकराला घेऊन मोठ्या दवाखान्यात जायचं. एका आईला एका ठिकाणी तीनदा परत पाठवलं, कारण तज्ज्ञ रजेवर होते. तीन दिवसांची मजुरी बुडाली, तीनदा कडेवर लेकरू. चौथ्यांदा संस्थेची जीप गेली, आधी फोन करून. मामा म्हणाले, "आमचं निम्मं काम फोन लावायचं हाय."

शेवटचं ठिकाण एक तांडा. निम्म्या घरांना कुलपं. दसरा-दिवाळी झाली की इथले कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत साखर कारखान्याच्या फडावर ऊस तोडायचा, उन्हाळा लागता परतायचं. धडधाकट लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं असतात. बीडकडे शिरूर कासार तालुक्यात आर्वीला 'शांतिवन'सारखी याच लेकरांसाठी उभी राहिलेली मोठी संस्थाही आहे. पण जे लेकरू स्वतः उठून ताटापाशी येऊ शकत नाही ते वसतिगृहात कोण सांभाळणार? ते आईबापांबरोबर फडावर जातं. पाचटाच्या कोपीत दिवसभर एका कुशीवर पडून राहतं. पावसाळ्यात मेहनतीने सरळ केलेले गुडघे मार्चमध्ये परत आखडून येतात. ताई पहिली तीन वर्षं दर जूनमध्ये नव्याने सुरुवात करायच्या.

संस्थेचे सर इथे आम्हाला भेटले. पन्नाशीचे, पायात साध्या चपला, बोलणं तुटक. तांड्यामागच्या नाल्यावर घेऊन गेले. तीन ठिकाणी खोल केलेला, काठाने दगडी पिचिंग. पलीकडे हरभरा, कोथिंबीर, थोडा कांदा. मी शहरी प्रश्न विचारला: अपंगांसाठी काम करणारी संस्था नाले कशाला खोल करते? देणगीदारही हेच विचारत असतील.

"विचारतात ना. अहवालात तीन रकाने करायला लावतात. शिक्षण वेगळं, अपंग वेगळे, ग्रामविकास वेगळा." त्यांनी हरभऱ्याकडे बोट केलं. "त्या दोन घरांनी औंदा कोयता घेतला नाही. विहिरीला पाणी राहिलं म्हणून. लेकरू घरी राहिलं. आता हे कोणत्या रकान्यात लिहू?"

त्या घरांपैकी एकात गेलो. सहा वर्षांचा पोरगा उभं राहायच्या चौकटीत पट्ट्यांनी बांधलेला, समोरच्या फळीवर शेंगा. उभ्याने शेंगा सोलत होता. एक शेंग सोलायला तीन-चार मिनिटं. सोललेला दाणा त्याने मला दिला. मी खाल्ला. मग आईला एक. मग तिसरी शेंग घेतली ती सरांसाठी. आमची जीप निघायची वेळ झाली होती, पण तिसरा दाणा निघेपर्यंत कोणी हललं नाही.

(सेरेब्रल पाल्सीचं काम नीट समजून घ्यायचं असेल तर लातूरला लागूनच हरंगुळला 'संवेदना' केंद्र आहे. तिथेही आधी वेळ ठरवूनच जा. औसा-निलंगा रस्त्यावर खरोसा लेणी लागतात. आम्ही खालूनच पाहिली, पायऱ्या बघून आईने "सुंदर आहेत" असा निकाल दिला.)

21 डिसेंबर, रविवार: किल्लारी

परतीची गाडी रात्री. सर म्हणाले, किल्लारीला एक साधन पोचवायचंय, चला. साधन म्हणजे माझीच खुर्ची.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरं माणसांवर पडली. सर तेव्हा सतरा वर्षांचे होते. यापेक्षा जास्त ते बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. जुन्या गावाच्या जागेवर आता झुडपं आहेत, स्मारक आहे. आई तिथे बराच वेळ नावं वाचत उभी राहिली, काठीवर भार टाकून.

भूकंपानंतर बाहेरून खूप लोक आले. बहुतेक परत गेले, काही राहिले. हराळीला ज्ञान प्रबोधिनी, नळदुर्गला 'आपलं घर'. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. या भागात संस्था, शाळा, बचत गट इतके का, याचं उत्तर बरंचसं त्या पहाटेत आहे.

नवी किल्लारी आखीव. सरळ रुंद रस्ते, घराघरांत अंतर. अशी बावन्न गावं नव्याने वसली. जुन्या पिढीची अजून तक्रार आहे की शेजार तुटला, हाक ऐकू जात नाही. पण रस्ते सपाट आणि सिमेंटचे. एका घरी सत्तरीतले गृहस्थ, महिन्यापूर्वी खुब्याचं हाड मोडलेलं. सरांनी वहीत नोंद केली: व्हीलचेअर एक, मुदत तीन महिने, परत घेणे. आजोबांची सही. ताईंनी टेप लावली. बैठक बरोबर बसली. नातवाने त्यांना दारातून बाहेर काढून थेट कोपऱ्यावरच्या पारापर्यंत नेलं. तिथे त्यांच्या वयाचे चौघे बसलेले. "कुठून येऊलालाव नवरदेव?" एकाने विचारलं. आजोबांनी उत्तर न देता तंबाखू मागितली.

लातूर स्टेशनवर गाडीला तास होता. आईने फलाटावर एक हमाल आणि त्याच्या शेजारी उभी असलेली रेल्वेची व्हीलचेअर पाहिली. "विचार रे त्याला, किती घेतो." मी काही बोललो नाही. फोटोही काढला नाही.

गाडीत बसल्यावर ताईंचा संदेश आला. कोणतीही प्रस्तावना नव्हती:

कमरेची रुंदी 23. मांडी 27. गुडघा ते टाच 25. पाठ, खांद्यापर्यंत 32. सगळं सेंटिमीटरमध्ये. प्लायवूड बारा मिलिमीटर. जूनच्या आत मिळालं तर बरं, नंतर माप बदलेल.